एका शब्दाचा पाना

एका घाटाच्या पायथ्याशी खिंडवली नावाचं गाव होतं आणि त्या गावात एक पाना होता. हसू नका. गोष्टीत राजा चालतो, कोल्हा चालतो, मग पाना का चालू नये? या पान्याला त्याच्या मालकापेक्षा जास्त अक्कल होती, म्हणून गोष्ट त्याच्या नावानं सांगतोय.

मालकाचं नाव तुळाजी पांचाळ. घाट चढणारी प्रत्येक गाडी त्याच्या गॅरेजवरून जायची. टायर बदलायचे, चाकं बसवायची, नट आवळायचे, हे त्याचं काम. माणूस दांडगा, हात राकट आणि तोंड त्याहून मोठं. नट आवळताना तो पान्याच्या दांड्यावर चक्क उभा राहायचा, दोन उड्या मारायचा आणि छातीवर हात मारून म्हणायचा, "पांचाळाच्या हाताला कळतं!" हाताला काय डोंबल कळतं? उड्या तर हा पायांनी मारत होता.

एकदा अशीच उडी मारताना एका टेम्पोच्या चाकाचा बोल्ट काडकन तुटला. नट सैल राहिला तर चाक निसटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. नट फार आवळला तर बोल्ट ताणला जातो आणि एक दिवस मोडतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. टेम्पोवाल्यानं भर रस्त्यात तुळाजीची अशी काही खरडपट्टी काढली की चहावाल्यानं स्टोव्ह बंद करून ती ऐकली.

तेव्हा गॅरेजातले जुने मिस्त्री दाऊदचाचा म्हणाले, "तुळाजी, आता उड्या बास कर. टॉर्क पाना आण." चाचा तुळाजीच्या वडिलांच्या वेळेपासून तिथे होते, त्यामुळे त्याला अरे-तुरे करायचा हक्क त्यांना होता.

पाना आला. हातभर लांब, चकचकीत, लाल पेटीत निजलेला. चाचांनी सगळ्यांना जवळ बोलावून तो दाखवला. मुठीपाशी आकडे कोरलेले होते. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा, पाना नटावर बसवायचा आणि मूठ धरून सावकाश ओढायचा. नट आकड्याइतक्या जोरानं आवळला गेला की पाना आतून बोलायचा, "कट्!" ते ऐकलं की थांबायचं. वर आणखी एक हिसका द्यायचा नाही.

"याला एकच शब्द येतो," चाचा म्हणाले, "पण तो खरा असतो. खरा ठेवायचं काम आपलं."

आणि तो खरा कसा ठेवायचा, तेही त्यांनी सांगितलं. पान्याच्या पोटात स्प्रिंग असते. काम झालं की मूठ उलटी फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायची, म्हणजे स्प्रिंगला विसावा मिळतो. महिनोन्‌महिने दाबून ठेवली तर ती थकते, आणि मग नट पुरता आवळायच्या आधीच पाना कट् म्हणायला लागतो. गंजलेले नट सोडवायला हा पाना वापरायचा नाही, त्यासाठी साधा पाना आहे. हातोडी म्हणून तर अजिबात नाही. वापर झाला की पुसून पेटीत. वर्षातून एकदा शहरात पाठवून तपासून आणायचा.

"आणि पडला," चाचांनी बोट वर केलं, "एकदा जरी पडला, तरी तपासल्याशिवाय पुन्हा नटाला लावायचा नाही. कोणाच्याही हातून पडू दे, मी रागावणार नाही. फक्त तोंडानं सांगायचं, पडला."

ऐकलंत ना? एवढा एकच शब्द सांगायचा होता. तेवढा ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दापायी झालं.

पहिलं वर्ष छान गेलं. घाटातल्या गाड्या सुखरूप जाऊ-येऊ लागल्या. त्यांत एक जीप होती शेवंता घाग हिची. घाटमाथ्यावरच्या वाड्यांमधली माणसं ती जीपनं बाजारात आणि दवाखान्यात न्यायची. बाई एकटी, पण त्या बारा वळणांवर तिच्याइतका सफाईदार हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. चाकाचं काम निघालं की ती तुळाजीच्या गॅरेजात स्टुलावर बसायची आणि बोटांवर मोजायची. पाच नट, पाच कट्. मग उठायची आणि दर वेळी विचारायची, "पाना पडला-बिडला नाही ना, दादा?" हा प्रश्न तिला चाचांनीच शिकवला होता.

"नाही गं," तुळाजी म्हणायचा. तेव्हा ते खरं होतं.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, तुम्हाला माहीत आहे. चांगली रीत आहे. वर्षभर ज्यानं हाताला साथ दिली, त्याच्यापुढे एक दिवस वाकावं. पण तुळाजीला वाकायचं नव्हतं, मिरवायचं होतं. त्यानं पान्याला हळदीकुंकू फासलं, झेंडूची माळ घातली आणि सगळं गाव बघायला बोलावलं. बाया-बापे येऊन हात जोडून गेले. घाटातल्या माणसांचा जीव राखणारा पाना म्हणून त्याचं नाव पंचक्रोशीत झालं. पाना देव झाला.

आणि देव झाला त्या दिवसापासून त्याचे हाल सुरू झाले! येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून तुळाजीनं त्याला दारातल्या खिळ्यावर टांगलं. लाल पेटीत उदबत्त्या आणि काडेपेट्या ठेवल्या. आकडा एकशेदहावर लावलेला तसाच, रात्रंदिवस, कारण रोज रोज मूठ फिरवत कोण बसणार? कुंकू आणि तेल आकड्यांत जाऊन बसलं, त्याचा लगदा झाला. एखादा नट गंजून अडकला की दांडा लांब आहे म्हणून तुळाजी त्यालाच हिसके देऊन नट सोडवायचा. आणि वर्ष संपल्यावर चाचांनी तपासणीचं नाव काढलं, तर हा शहाणा काय म्हणाला माहीत आहे?

"देवाला कोणी परीक्षेला बसवतं का, चाचा?"

असल्या भक्तीचा मला संताप येतो. ज्याला हात जोडायचे त्याचीच हेळसांड करायची, वर आपण किती भाविक म्हणून मान ताठ ठेवायची! फुलं वाहायला एक क्षण पुरतो. रोज संध्याकाळी मूठ फिरवायला मात्र यांना जिवावर येतं.

दुसरी खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी दसरा, माथ्यावर देवीची जत्रा, त्यामुळे गॅरेजसमोर गाड्यांची रांग. गाव पूजेला जमलेलं. तुळाजी नवं धोतर नेसून स्टुलावर चढला, खिळ्यावरच्या पान्याला माळ घालायला गेला आणि त्याचा हात लागला.

पाना निसटला. खालच्या काँक्रीटवर डोक्यावर आपटला, एकदा उडाला आणि उजवीकडे जाऊन पडला.

सणाच्या दिवशी हातातून देव पडला! तुळाजी स्टुलावर तसाच उभा, तोंड पांढरंफटक. त्या क्षणी तो खाली उतरून 'पडला, आता तपासायला पाठवू' असं म्हणाला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. मीही खुशीनं घरी गेलो असतो.

पण त्याची नजर जमलेल्या तोंडांवरून फिरली. एवढ्या गावासमोर फजिती! आणि त्याला एक युक्ती सुचली.

"उजवा!" तो ओरडला. "उजवीकडे पडला! कौल दिला पान्यानं!"

कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातली गोष्ट विचारायची. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार. देवळात ते ठीक. पण हे गॅरेज होतं आणि पडली ती पाकळी नव्हती. पडला तो दोन शेर लोखंडाचा, जोर मोजणारा नाजूक काटा. तरी लोकांनी काय केलं? "उजवा कौल! उजवा कौल!" म्हणत टाळ्या वाजवल्या. एकानं तर तिथल्या तिथे नारळ फोडला.

दाऊदचाचांनी पाना उचलला. कुंकवाखालचा आकडा नखानं खरवडून पाहिला.

"तुळाजी," ते म्हणाले, "हा आजच शहरात पाठव. तो येईपर्यंत मी साध्या पान्यानं हाताच्या अंदाजानं नट आवळतो, आणि प्रत्येक गाडीवाल्याला सांगतो, एका फेरीनंतर परत ये, पुन्हा बघतो. तासभर जास्त लागेल, पण कोणाला धोका नाही."

शहाण्या माणसाचं बोलणं होतं. ऐकायला फक्त कान हवे होते. पण तुळाजीला दिसत होतं, गाव बघतंय. कौल मिळाला म्हणून टाळ्या घेतल्यावर आता पाना बिघडला म्हणायचं कसं?

"चाचा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचा कौल तुम्हाला काय कळणार?"

चाळीस वर्षं ज्या माणसानं त्या गॅरेजात घाम गाळला, दर खंडेनवमीला ज्यानं स्वतःच्या हातानं हत्यारं घासून पूजेला मांडली, त्याला हा म्हणाला, तुम्हाला काय कळणार! मला विचाराल तर पाना पडला तेव्हा फक्त स्प्रिंग हलली होती. गॅरेज मोडलं ते या वाक्यानं. जमलेल्यांपैकी काहींनी माना खाली घातल्या. बोललं कोणीच नाही. चाचांनी पाना फडक्यावर ठेवला, हात पुसले आणि घरी निघून गेले.

दसऱ्याच्या सकाळी शेवंता जीप घेऊन आली. आदल्या दिवशी ती घाटमाथ्यावर होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या दोन्ही चाकांना नवे टायर घालायचे होते. ती स्टुलावर बसली आणि मोजू लागली. पाच नट, पाच कट्. पुन्हा पाच नट, पाच कट्.

"आज लवकर आटपलं," ती म्हणाली. "चाचा कुठे गेले?"

"घरी. सणाची सुट्टी."

शेवंता उठली, पदर खोचला आणि नेहमीप्रमाणे तिनं विचारलं, "पाना पडला-बिडला नाही ना, दादा?"

समोर चहाच्या टपरीवर पाच जण बसले होते. पाचही जणांनी काल पाना पडताना डोळ्यांनी पाहिला होता. पाचही जणांनी कपात तोंड घातलं. तुळाजीकडे एकच शब्द होता. तीन अक्षरं. तीसुद्धा त्याच्या जिभेवर येईनात.

"अगं, कालच तर कौल दिलाय त्यानं," तो हसून म्हणाला. "आणि कट् ऐकलास ना स्वतःच्या कानांनी? मग?"

"ऐकला," शेवंता म्हणाली आणि जीप घेऊन गेली.

बघा कसा बोलला! खोटंही नाही आणि खरंही नाही. असली उत्तरं द्यायला जीभ बरी सैल सुटते!

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला जीपमध्ये अकरा माणसं होती, देवीला निघालेली, नव्या कपड्यांत, हातात आपट्याची पानं. सातव्या वळणावर पुढून खडखड ऐकू आली. एरवी शेवंता लगेच थांबली असती, खाली उतरून नटांना हात लावून पाहिला असता. पण तिच्या मनात आलं, नट सैल असणारच नाहीत. पाच नट, पाच कट्, मी स्वतः मोजलेत. टायर नवे आहेत, त्यात खडी अडकली असेल. आणि ती पुढे निघाली. तिचा काय दोष? तिनं विचारायचं ते विचारलं होतं. उत्तरावर विश्वास ठेवणं हा गुन्हा असेल तर मग आपण कोणाशी बोलायचंच नाही.

नवव्या वळणावर डावं चाक निघालं. शेवंतानं ते स्वतःच्या डोळ्यांनी गाडीच्या पुढे धावत दरीत जाताना पाहिलं. जीप डावीकडे ओढली जाऊ लागली. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगराचा कातळ. तिनं सगळा जीव एकवटून स्टिअरिंग उजवीकडे दाबलं. जीप घसपटत, ठिणग्या उडवत रस्ता ओलांडून कातळावर जाऊन आदळली. कातळाच्या बाजूला चालकाची जागा होती, हे तिला माहीत होतं. तरी तिनं तिकडेच घेतली.

अकराच्या अकरा माणसं वाचली. कोणाचा गुडघा फुटला, कोणाचं डोकं. शेवंताचा उजवा हात मात्र पत्रा आणि कातळ यांच्यात सापडला. तालुक्याच्या दवाखान्यात तो कोपरापासून कापावा लागला.

गावात म्हणाले, देवीनं राखलं. देवीनं? शेवंतानं राखलं! तिचा हात गेला म्हणून तुमची माणसं घरी आली. निदान एवढं तरी नीट बोला.

तिसऱ्या दिवशी तुळाजी दवाखान्यात गेला. हातात देवीचा प्रसाद. खाटेशी दाऊदचाचा बसले होते. तुळाजीला बघून ते उठले नाहीत. शेवंतानं प्रसादाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाना पडला होता का, दादा?" तिनं विचारलं.

तुळाजीनं प्रसाद खाटेशी ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "पडला होता."

"एवढंच म्हणायचं होतंत त्या सकाळी," शेवंता म्हणाली. "मी गाडी लावून चालत घरी गेले असते. रागावलेही नसते. सणाला दोन गोड घास खाल्ले असते आणि झोपले असते. मला दोन हात होते तेव्हा."

आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

चाचांनी तो पाना शहरात नेऊन तपासून आणला. आकडा एकशेदहावर लावला, तर तो सत्तरलाच कट् म्हणत होता. वर्षभर दाबून ठेवलेली स्प्रिंग थकली होती आणि पडल्यावर उरलासुरला नेमही गेला होता. चाचांनी तपासणीचा कागद गॅरेजच्या दारात सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

"पाना खोटं बोलला नाही," ते म्हणाले. "त्याच्या पोटात जे उरलं होतं, तेच तो बोलला. खोटं कोण बोललं, ते मी सांगत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे." एवढं बोलून त्यांनी टपरीकडे पाहिलं. तिथले पाचही जण पटकन उठून कामाला गेले.

पान्यात नवी स्प्रिंग घातली. तो पुन्हा लाल पेटीत गेला. तुळाजीनं दारातला खिळा उपटून टाकला. तो चाचांच्या घरी जाऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "मला कळलं नव्हतं, चाचा. तुम्हाला कळलं होतं." चाचा आठ दिवसांनी कामावर आले. पण ते पूर्वीसारखं त्याच्याशी हसले नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर आलोही नसतो.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा गाड्यांची रांग लागली होती. शेवंता आता जीपच्या थांब्यावर माणसं बसवायचं काम करायची. ती गॅरेजसमोरून चालली होती. तेवढ्यात तुळाजीच्या तेलकट हातातून पाना निसटला आणि ठणकन खाली पडला.

सगळे बघू लागले. रांगेतले ड्रायव्हर, टपरीवरचे पाच जण, सगळे. एक जण म्हणाला, "काही नाही होत रे, लाव पुढचं चाक."

तुळाजीनं पाना उचलला, पुसला, मूठ खालच्या आकड्यावर आणली, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मग उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "पडला! माझ्या हातून पडला! तपासून येईपर्यंत हा नटाला लावणार नाही. ज्याला घाई असेल त्यानं दुसरीकडे जावं. ज्याला थांबायचं असेल त्याची चाकं चाचा हातानं आवळतील, आणि त्यानं एका फेरीनंतर परत यायचं."

रांगेत कुरकुर झाली. दोन गाड्या निघून गेल्या. तुळाजीची नजर रस्त्याकडे गेली, तर शेवंता उभी होती. कोपराखालची रिकामी बाही तिनं दुमडून पिनेनं टाचली होती. तुळाजीला वाटलं, आता ही काहीतरी बरं बोलेल.

"चांगलं म्हणालात, दादा," शेवंता म्हणाली. "फक्त एक वर्ष उशिरा म्हणालात."

आणि ती थांब्याकडे चालू लागली.

तात्पर्य: हत्याराला कुंकू लावण्यापेक्षा त्याची रोजची निगा राखा, आणि चूक झाली की त्याच क्षणी तोंडानं सांगा; चारचौघांत लाज वाटते म्हणून जो एक शब्द गिळतो, त्याची शिक्षा दुसऱ्याच कोणाला तरी भोगावी लागते.